भोकात किती भरलं?

दुपारी एकच्या सुमाराला त्या गावात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. शाळेची जेवणाची सुट्टी आणि खाणीतला बार. आधी भोंगा होतो. मग पायाखालून काहीतरी सरकून गेल्यासारखं वाटतं, आणि त्यानंतर, किंचित मागाहून, आवाज येतो आणि फळीवरची स्टीलची भांडी एकमेकांवर वाजतात. पुणे जिल्ह्यातल्या एका खाणीजवळच्या घरात मी हे पहिल्यांदा अनुभवलं, तेव्हा घरातल्या मावशींनी खिळ्यावरचं कालनिर्णय काढून माझ्यापुढे धरलं. लोक दुधाचा हिशेब लिहितात त्या चौकोनांत त्यांनी बारांच्या वेळा लिहिल्या होत्या. काही तारखांना नुसतं 'बार', काहींना 'मोठा बार', एका चौकोनात 'कप फुटला'.

मावशींचा प्रश्न साधा होता. खाण घरापासून किती लांब पाहिजे? हाच प्रश्न ग्रामसभेत निघतो, तहसीलदारापुढे जातो, हरित लवादात आणि सर्वोच्च न्यायालयातही गेला आहे. पण दगडखाणींच्या हादऱ्यांवर गेल्या ऐंशी वर्षांत जगभर झालेलं काम चाळून पाहिलं की वाटतं, अंतराच्या प्रश्नाला आपण जरा जास्तच मान दिला. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो फारसं कुणी विचारत नाही: भोकात किती भरलं, आणि त्यातलं एका क्षणी किती उडालं?

दख्खनच्या पठारावर खडीला तोटा नाही. पायाखाली काळा पाषाण आहे, वर रस्ते, पूल, मेट्रो आणि इमारतींची न संपणारी मागणी आहे. वाघोली, मोशी, तुर्भे या खाणी एकेकाळी शहराबाहेर होत्या. शहरच चालत त्यांच्यापर्यंत आलं. त्यामुळे 'खाण आधी की घर आधी' हा वाद प्रत्येक ठिकाणी होतो. वाद म्हणून तो खरा आहे, पण भिंतीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सुरुंगांनी उतरवला जात असताना आसपासच्या गावांतली काही कुटुंबं अजून हललेली नव्हती. तिथे तर घर आधीचंच होतं.

आधी हादरा म्हणजे काय ते पाहू. सुरुंग उडाला की त्याच्या ताकदीतला काही भाग दगड फोडण्यात खर्च होतो आणि बाकीची ताकद जमिनीत लाटा होऊन, हवेत आवाज होऊन निघून जाते. म्हणजे गावाला बसणारा हादरा ही खाणवाल्याची वाया गेलेली स्फोटकं असतात. चांगल्या ब्लास्टरला हे ठाऊक असतं; बार कमी हादरला आणि ढीग नीट पडला, यातच त्याची कारागिरी.

हा हादरा मोजायचा तो जमिनीचा कण किती वेगानं हलला यावर. त्या कमाल वेगाला पीपीव्ही म्हणतात आणि तो सेकंदाला मिलिमीटरमध्ये सांगतात. लाट जमिनीतून कितीही वेगानं धावली तरी तिच्या वाटेवरचा मातीचा कण जागच्या जागी जेमतेम थरथरतो. सेकंदाला ५ मिलिमीटर वेग आणि सेकंदाला १० कंपनं असा हादरा धरला, तर जमीन प्रत्यक्षात सरकते ती ०.०८ मिलिमीटर. वहीच्या कागदाची जाडी साधारण एवढीच असते. ऐकणाऱ्याला हे पटत नाही, कारण माणसाचं शरीर याबाबतीत फार हळवं असतं: सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा हादराही बसल्या जागी जाणवू शकतो. भिंतीला धोका पोचायच्या कितीतरी आधी माणसाच्या पोटात गोळा येतो. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप आठवणाऱ्या महाराष्ट्रात तर तो येणारच.

भारतात मर्यादा ठरवल्या त्या धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयानं, १९९७ च्या सातव्या तांत्रिक परिपत्रकात. खाणमालकाच्या मालकीचं नसलेलं राहतं घर असेल, तर पायापाशी सेकंदाला ५ मिलिमीटर, १० मिलिमीटर किंवा १५ मिलिमीटर. यातला कोणता आकडा लागू, ते हादऱ्याच्या वारंवारतेवर ठरतं. कंपनं सेकंदाला ८ पेक्षा कमी असतील तर ५, आठ ते पंचवीसमध्ये १०, त्यापुढे १५. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी २, ५ आणि १०. सावकाश हादऱ्याला मर्यादा कडक, कारण घराची स्वतःचीही एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत बोटानं ढकललं तरी तो वर जातो, अवेळी जोरात ढकललं तरी जात नाही. बैठी घरं सावकाश हलणारी; त्यांच्या लयीत हादरा आला की भिंत जमिनीपेक्षा जास्त डोलते.

या आकड्यांमागे मोठा इतिहास आहे आणि तो वाचताना गंमत वाटते. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सनं १९४२ मध्ये हादऱ्याचा धोका त्वरणावर मोजायचं ठरवलं. पुढे १९५८ मध्ये स्वीडनच्या लांगफोर्स आणि सहकाऱ्यांनी वेग हे माप घेतलं, आणि तेच टिकलं. त्याच सुमाराला कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवरच्या प्रकल्पामुळे काही घरं पाण्याखाली जाणार होती. एडवर्ड्स आणि नॉर्थवूड या संशोधकांनी त्यातली सहा घरं निवडली आणि त्यांच्याजवळ मुद्दाम सुरुंग उडवत नेले, भिंती फुटेपर्यंत. धरणाखाली गेलेली घरं आपल्याकडेही कमी नाहीत. अशी संधी आपण कितीदा घालवली असेल, कोण जाणे. १९७१ मध्ये अमेरिकनांनी सेकंदाला २ इंच, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर, ही एकच मर्यादा सुचवली. १९८० मध्ये सिस्किंड आणि सहकाऱ्यांनी ती फिरवली: कंपनं सेकंदाला ४० पेक्षा कमी असतील, तर गिलावा केलेल्या जुन्या घराला १२.७ मिलिमीटरच्या वर नको. जर्मनांचं डीआयएन ४१५० हे मानक आणखी कडक. राहत्या घरासाठी कमी वारंवारतेला ५, जुन्या वास्तूला ३.

भारताची मर्यादा जर्मनांच्या जवळची, म्हणजे सावध आहे. तरी माझा एक आक्षेप राहतो. आपल्या परिपत्रकात कच्चं घर आणि विटा-सिमेंटचं घर एकाच ओळीत बसवलं आहे. मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर पत्रा टाकलेलं घर आणि आरसीसी कॉलमचं घर यांना एकच आकडा लावणं, म्हणजे आजोबांना आणि नातवाला एकाच मापाची चप्पल देणं.

आता भोकाकडे वळू. यातलं एक सूत्र गावातल्या प्रत्येक कार्यकर्त्यानं शिकून घ्यावं असं आहे. मीटरमधल्या अंतराला, एका क्षणी उडणाऱ्या स्फोटकाच्या किलोंच्या वर्गमुळानं भागायचं. जो आकडा येतो, त्यावर हादरा ठरतो. दगड कसा आहे त्यावर प्रत्येक खाणीचे गुणांक बदलतात; नेमके आकडे तिथेच मोजून काढावे लागतात. पण सर्वसाधारण दगडासाठी ऑस्ट्रेलियन मानकात दिलेले गुणांक घेऊन हिशेब मांडला, तर असं दिसतं: घर २०० मीटरवर, भोकं चार, प्रत्येकात २५ किलो. चारही भोकं एकदम उडवली, तर घरापाशी हादरा सेकंदाला सुमारे ९.४ मिलिमीटर. तीच चार भोकं, तेच १०० किलो, पण एकामागून एक, मध्ये काही मिलिसेकंद सोडून उडवली, तर ३.१. घर हललं नाही, दगड तेवढाच निघाला, स्फोटकं तेवढीच गेली, आणि हादरा तिसरा हिस्सा झाला. नुसतं अंतर वाढवून हाच फायदा मिळवायचा, तर खाण २०० मीटरवरून ४०० मीटरवर न्यावी लागते.

दोन भोकांच्या उडण्यामधलं अंतर किमान ८ मिलिसेकंदांचं हवं, हा जुना अमेरिकन नियम. त्याहून कमी अंतरानं उडालेली भोकं एकच समजायची. पण हे अंतर राखणाऱ्या जुन्या पद्धतीच्या डिलेमध्ये आत जळणारा मसाला असतो आणि तो प्रत्येक वेळी काटेकोर जळतोच असं नाही. कागदावर ठेवलेलं अंतर प्रत्यक्षात गळून पडतं आणि दोन भोकं एकदम बोलतात. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर मिलिसेकंदाच्या हिशेबानं चालतात. ते महाग पडतात, पण वस्तीजवळच्या खाणीनं हा खर्च टाळणं मला पटत नाही.

भेगांचा प्रश्न सगळ्यात चिघळलेला. खाणीच्या जवळ राहणारा माणूस भिंतीवरची भेग दाखवतो, खाणवाला म्हणतो ती आधीचीच. दोघंही खोटं बोलत असतील असं नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीला एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात ती फुगून मिटते. त्या जमिनीवर कमी खोलीच्या पायाचं घर बांधलं, की दरवर्षी ते वर-खाली होतं आणि दाराच्या, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. हादऱ्यानं पडणारी भेगही तिथूनच निघते, कारण भिंत तिथेच दुबळी असते. १९८४ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगाच्या घरावर काम झालं. दारं आपटणं, जिने चढणं, ऊन आणि दमटपणा यांमुळे भिंतीत जो ताण येतो, तो सेकंदाला ३० मिलिमीटरपर्यंतच्या हादऱ्याएवढा असल्याचं तिथे आढळलं. पुढे ते घर यंत्रानं हलवत ठेवलं, तेव्हा पहिली भेग पडली ५६,००० आवर्तनांनंतर. अहवालाच्या हिशेबानं, रोज दोन बार धरले तर अठ्ठावीस वर्षांचे हादरे.

खाणवाल्यांच्या बैठकीत हा अहवाल कुणी ना कुणी खिशातून काढतोच. तो खराही आहे. पण ते घर लाकडी सांगाड्याचं होतं. मातीत रचलेल्या आपल्या भिंतीला तो जसाच्या तसा लावता येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यानं एका विशिष्ट भेगेचा निकाल लागत नाही. निकाल लावायचा तर खाण सुरू व्हायच्या आधी घराघरांतल्या भेगांचा पंचनामा हवा: फोटो, लांबी-रुंदी, तारीख, घरमालकाची सही आणि एक प्रत त्याच्या हातात. भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवून ठेवली, की भेग हलली त्या दिवशी काच तडकते. एवढ्या स्वस्त गोष्टीसाठी लोक वर्षानुवर्षं कोर्टात चकरा मारतात.

मोजणाऱ्या यंत्राचीही गोष्ट सांगायला हवी, कारण फसवणुकीची एक जागा तिथे आहे. जिओफोन तीन दिशांचे हादरे पकडतो, पण तो जमिनीला घट्ट बसलेला हवा. पायाजवळ खड्डा करून पुरलेला, नाहीतर वर वाळूची पिशवी ठेवलेला. गुळगुळीत फरशीवर नुसता टेकवला तर तो स्वतःच सरकतो आणि भलताच आकडा देतो. शिवाय ठरावीक पातळीच्या खालचा हादरा यंत्र नोंदवत नाही. 'नोंद नाही' असं लिहून आलं, की हादरा कमी होता की यंत्र बंद होतं, हे विचारायचं असतं. मोजणीची पद्धत भारतीय मानक १४८८१ मध्ये २००१ पासून लिहिलेली आहे. धनबादची सिम्फर ही संस्था हे काम करते, आणि आपल्या खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळाही नियंत्रित सुरुंगांचा अभ्यास करते.

मावशींचा कप मात्र बहुधा जमिनीनं फोडला नसावा. ३०० मीटरवरच्या घरात जमिनीची लाट सेकंदाच्या दहाव्या भागात पोचते, हवेतून येणारा दाब जवळजवळ सेकंदभर मागून. खिडक्या, पत्रे आणि फळीवरची भांडी खडखडतात ती पुष्कळदा या दुसऱ्या पाहुण्यामुळे. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवा असली, की आवाज वर निसटण्याऐवजी वाकून गावावर उतरतो. म्हणून बार दुपारी उडवायचा. भोकाचं तोंड कोरड्या खडीनं नीट ठासलं नाही, किंवा जमिनीवर उघडी स्फोटक दोरी पसरली, तरी हाच त्रास होतो.

आपण भांडतो भेगांवरून, पण माणूस मरतो उडालेल्या दगडानं. पुढच्या कड्याचा दगड पातळ राहिला, मध्ये लाल मातीचा किंवा मांजऱ्याचा मऊ थर लागला, तोंडाची ठासणी कमी पडली, किंवा मोठा धोंडा फोडायला त्याच्यावरच जिलेटिनच्या कांड्या ठेवून चिखल लिंपला, की दगड कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून लाल झेंडे, रस्ता अडवणारी माणसं आणि भोंगा. बोलताना आपण 'फुसका बार' हसण्यावारी नेतो. खाणीत न उडालेला बार म्हणजे मृत्यू दबा धरून बसलेला. त्याच भोकात पुन्हा ड्रिल घालणाऱ्यांचे जीव गेले आहेत. आणि कर्नाटकात शिवमोग्याजवळ हुणसोडूला जानेवारी २०२१ मध्ये जे झालं, ते तर स्फोटकांच्या गाडीचं होतं. मजूर मेले, आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या लोकांना तो भूकंप वाटला. पुढच्याच महिन्यात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात जिलेटिननं आणखी सहा जण गेले. १९५२ च्या खाण कायद्यानं तर ओळ स्पष्ट आखली होती: दगडाची लहान, उथळ, पन्नासपर्यंत माणसांची खाण बहुतेक तरतुदींतून सुटत असे, पण स्फोटकं वापरली की ती सूट जात असे. गावोगावच्या लहान खाणींना हे सांगितलं, की समोरचा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा बघायचा.

न्यायालयांकडे पाहिलं की अंतराचा पगडा लक्षात येतो. केरळात खाण आणि घर यांत ५० मीटर पुरत होते. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०२० मध्ये स्फोटकं वापरणाऱ्या खाणींसाठी २०० मीटर आणि न वापरणाऱ्यांसाठी १०० मीटर सांगितले. खाणमालक उच्च न्यायालयात गेले, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. चितोडगडाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये किल्ल्याच्या तटापासून ५ किलोमीटरच्या आत सुरुंग लावायला मनाई केली आणि त्यापलीकडचा अभ्यास धनबादच्या आयआयटीकडे सोपवला. त्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं कृष्णराजसागर धरणाभोवती २० किलोमीटरमध्ये खाणकाम थांबवलं. २०० मीटर, ५ किलोमीटर, २० किलोमीटर. चितोडगडाच्या विजयस्तंभासारख्या वास्तूपाशी किंवा मोठ्या धरणापाशी अशी सावधगिरी मला चुकीची वाटत नाही. तिथे चूक एकदाच होते. पण साध्या गावासाठी अंतरावरच का थांबायचं? कारण अंतर टेपनं मोजता येतं, तलाठीही मोजू शकतो. भोकात किती भरलं, ते फक्त भरणाऱ्याला माहीत असतं.

उपाय नाहीत असं नाही. वस्तीकडच्या कडेला कमी व्यासाची, कमी खोलीची भोकं. कडेनं आधी एक ओळ हलक्या भरणीनं फोडून ठेवायची. अगदी जवळ ब्रेकर लावायचा, कितीही खर्चिक असला तरी. घर आणि खाण यांच्या मध्ये खंदक मारायची सूचना मात्र सभेत टाळ्या घेते आणि उपयोगी पडत नाही. सेकंदाला १० कंपनं असलेली लाट मऊ जमिनीतून ५०० मीटर वेगानं गेली, तर तिची लांबी ५० मीटर. दहा फुटांचा खंदक ती ओलांडते, तिला कळतही नाही.

मावशींचं कालनिर्णय आणि खाणीच्या ब्लास्टरची वही शेजारी ठेवून बघायचा योग एकदा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आला. वहीत तारीख, भोकं, खोली, किलो, डिले असे रकाने होते. एकूण किलो दिवसागणिक जवळपास सारखेच. 'मोठा बार' लिहिलेल्या दोन तारखांना मात्र डिलेचा रकाना रिकामा होता. ब्लास्टर तरुण पोरगा होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "त्या दिवशी डिले संपले होते, साहेब. मग साधेच लावले, एकदम."

मावशींनी चष्मा लावला, तो रिकामा रकाना बोटानं शोधला आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आरं, मग ही वही आमाला रोज बघाया मिळंल का?"